सशाच्या दारावर

शहाद्याच्या एसटी स्टँडजवळ मी मोबाइल दुरुस्त करतो आणि गिऱ्हाईक नसलं की लहान मुलांच्या कार्टूनला अहिराणी आवाज देतो. घरचे याला रिकामे उद्योग म्हणतात. पण गोडगोड ससे आणि खारी आमच्या भाषेत एकमेकांचा उद्धार करायला लागल्या की लोक पोट धरून हसतात. ससा मेला तर त्याहून जास्त हसतात.

म्हणून मी ससा मारला. मूळ कार्टूनमध्ये तो गाडीवरून पडून बेशुद्ध होतो, त्याची आई रडते, एवढंच. मी डॉक्टर कावळ्याकडून त्याला मेला म्हणवून घेतलं. वर तोच कावळा दहाव्याला पिंडाला शिवायची फी म्हणून गाजराचा हलवा मागतो. व्हिडिओ पार खापर गावापर्यंत फिरला आणि मी कॉलर ताठ करून हिंडलो.

लोकांना सगळ्यात जास्त हसू यायचं ते सशाच्या आईच्या रडण्याला. ते मी रचलेलं नव्हतं. आमच्याकडे माणूस गेलं की बायका दारावर येतात, तोंडावर पदर घेतात आणि गेलेल्याला हाका मारत, चाल लावून रडतात. माझी मोठी माय, म्हणजे थोरल्या काकांची बायको, मागच्या वर्षी तिच्या मुलासाठी अशी रडली होती. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला तो. "आते हाई भाकर कोणले वाढू रे, मन्हा राजा!" मी तिच्या शेजारीच बसलो होतो, रडतही होतो. तरी ती चाल माझ्या डोक्याने नीट जपून ठेवली, याची मला किळस येते. सशाच्या आईला आवाज देताना मी फक्त भाकरीच्या जागी गाजर घातलं.

परवा गावी गेलो तर मोठ्या मायच्या ओट्यावर पोरं खेळत होती. एक जण आडवा पडलेला. एक पोरगी फ्रॉकचा घेर तोंडावर घेऊन रडत होती, "आते हाई गाजर कोणले वाढू रे, मन्हा राजा!" बाकीची हसून लोळत होती. मोठी माय दारात उभी होती.

मला बघून पोरं ओरडली, "हाऊच तो! सशावाला!"

मला तोंड लपवायला जागा नव्हती. तिने आत बोलावलं आणि म्हणाली, "काय शे ते, माले दखाड."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून मोबाइल तिच्या हातात दिला. तिने सगळं पाहिलं. स्वतःचं रडणं माझ्या चिरक्या आवाजात शेवटपर्यंत ऐकलं. मग तिने विचारलं, "आनि मंग? ससा ऊठस का?"

"खरा कार्टूनमा ऊठस," मी कसाबसा म्हणालो. "मी ते कापी टाकं."

"ते दखाड."

मी मूळ कार्टून शोधून लावलं. ससा डोळे उघडतो, कान झटकतो, आईच्या गळ्यात पडतो आणि सगळे नाचायला लागतात. मला त्यात काही गंमत दिसली नव्हती, म्हणून तर कापलं होतं.

ते संपलं. मोठ्या मायने पदराने मोबाइलची काच पुसली आणि तो माझ्यापुढे धरला.

"परत लाव, बापू," ती म्हणाली. "तो ऊठस, तठून."