स्केलथॉर्पचा कोंडवाडा

स्केलथॉर्पला बघण्यासारखं म्हणजे जुनं चर्च, घोड्यांचं दगडी कुंड आणि गावाच्या टोकाचा गोल कोंडवाडा. चुकार गुरं कोंडायची ही जागा साडेतीनशे वर्षं उभी होती. तिथला शेवटचा राखणदार हेस्टर लडलमचा आजोबा. तो गेल्यावर आत वाढणारी काटेरी झुडपं दर वसंतात हेस्टरच तोडायची. हेस्टर बासष्ट वर्षांची, बिनलग्नाची. चाळीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलेली. कुणाची भीडभाड ठेवणं तिच्या रक्तातच नव्हतं.

१९६३ साली रस्ता रुंद करायचा ठरला. कोंडवाडा आणि कुंड दोन्ही पाडायचं गावसभेत मंजूर झालं. अध्यक्ष पर्सी गॉन्ट शाळेत हेस्टरच्याच वर्गातला. तो म्हणाला, हल्ली गुरं मोकाट फिरतात कुठे, मग हा दगडांचा ढीग हवाय कशाला? लोक हसले. विरोधात एकच हात वर झाला, तो हेस्टरचा. सभा उठली तरी तिने तो खाली घेतला नाही.

पाडकामाच्या दिवशी सकाळीच पर्सीच्या पाच कालवडी कुंपण मोडून हेस्टरच्या कोबीत शिरल्या. तिने आरडाओरडा केला नाही. त्यांना हाकत कोंडवाड्यात नेलं, फाटकाला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकून समोर खुर्ची मांडून बसली.

मजूर आले. आत जिवंत गुरं बघून भिंतीला पहार लावायला कुणी धजेना. मुकादमाने पर्सीला बोलावून आणलं.

"हेस्टर, कुलूप काढ. गावात शोभा होतेय."

"कुणाची? राखणदाराची नेमणूक अजून रद्द झालेली नाही. चर्चच्या वहीत बघ, आजोबांचं नाव आहे, 'आणि त्याचे वारस'."

"अगं, कुठल्या जमान्यातलं ते!"

"मग पाड भिंत. कालवडी तुझ्याच आहेत."

पर्सी लालबुंद झाला. त्याने पोलिसाला आणलं. पोलिसाने पाद्रीबाबांकडून वही मागवली, दोनदा वाचली आणि यात आपण पडणार नाही म्हणून सांगितलं. हेस्टर गुरांना गवतपाणी घालत राहिली. सभेत हसलेल्या बायकाच आता तिला चहा आणि गरम पाव आणून देऊ लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पर्सी नमला. हेस्टरने त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं : माझी गुरं गावच्या कोंडवाड्यातून, राखणदाराच्या परवानगीने सोडवून नेली. मगच किल्ली फिरली. वापरात असलेली जागा पाडायची कशी, असा पेच पडला आणि रस्ता चार हात सरकला.

कुंड मात्र वाचलं नाही. त्याचे दगड भरावात गेले. शेवटचा दगड जाईपर्यंत हेस्टर रस्त्याकडेला उभी होती. पर्सी जवळ येऊन हळूच म्हणाला, "एक तरी राहिलं ना, बाई."

"दोन होती," हेस्टर म्हणाली.