आर्लीस डर्कसनचं डोमिसाईल

आर्लीस डर्कसनला राग आला की ती बोलत नसे, कणीक मळत असे. ब्रेड नेहमीसारखा झाला असेल तर दिवस बरा गेला असं समजावं. कापसासारखा हलका झाला असेल तर कुणाचं तरी काहीतरी चुकलंय, आणि आज खाली मान घालून जेवण्यातच शहाणपण आहे, हे कापणीच्या टोळीतल्या आठही गड्यांना पाठ झालं होतं. जुलैतल्या त्या सोमवारी ब्रेड इतका हलका झाला की गेल, म्हणजे तिचा नवरा, पहिल्याच घासाला म्हणाला, "पत्र आलं वाटतं."

पत्र आलं होतं. विद्यापीठाचं.

डर्कसनांचा धंदा दुसऱ्यांचा गहू कापण्याचा. मे महिन्यात टेक्सासात गहू पिकतो आणि मग तो पिवळा रंग हळूहळू उत्तरेकडे सरकत जातो. त्याच्या मागोमाग डर्कसनांचे चार हार्वेस्टर, पाच ट्रक आणि चाकांवरचं एक स्वयंपाकघर. ओक्लाहोमा, मग घरचं कॅन्सस, मग नेब्रास्का, दोन्ही डकोटा. गहू संपला की मका, मका संपला की सोयाबीन. नोव्हेंबरात सगळे ओस्टरव्हिलच्या घरी येतात आणि आठवडाभर नुसते झोपतात. गेलचे वडील हेच करत, आजोबाही हेच करत. कर कॅन्ससात, मत कॅन्ससात, गाड्यांच्या पाट्या कॅन्ससच्या. ओस्टरव्हिलच्या चर्चमध्ये डावीकडून तिसरा बाक उन्हाळाभर रिकामा असला तरी त्यावर दुसरं कुणी बसत नाही.

मुलगी कोरा, वय अठरा. तिची शाळा ट्रेलरमधल्या जेवणाच्या टेबलावर झाली, टपालाने. पंधराव्या वर्षी, दवाखान्यापासून चाळीस मैलांवरच्या शेतात बापाचा हात हार्वेस्टरच्या पट्ट्यात सापडला, तेव्हा या पोरीने स्वतःचा शर्ट फाडून तो बांधला. गेलची दोन बोटं गेली, हात राहिला. त्या दिवसापासून तिला नर्स व्हायचं होतं. राज्याच्या विद्यापीठात नर्सिंगला जागाही मिळाली. पण तिथे फी दोन प्रकारची: राज्यातल्यांना एक, बाहेरच्यांना तिच्या अडीचपट. आणि राज्याची शिष्यवृत्ती मिळते ती फक्त राज्यातल्यांना. अडीचपट फी भरायची तर एक हार्वेस्टर विकावा लागला असता, आणि हार्वेस्टर विकला तर उरलेली फी कशातून भरणार?

फेब्रुवारीत फॉर्म भरताना घोळ झाला होता. फॉर्ममध्ये प्रश्न होता, 'गेल्या बारा महिन्यांत कुठे कुठे राहिलात? तारखांसह.'

"आई, एकच ओळ लिही," कोरा म्हणाली होती. "ओस्टरव्हिल. सगळे टोळीवाले तेच लिहितात."

"विचारलंय ना त्यांनी? मग सांगायला नको?"

"अगं, त्यांना खरं नकोय. त्यांना एक ओळ हवीये."

पण आर्लीस ही तीस वर्षं रोजच्या जेवणाची वही ठेवणारी बाई. कुठल्या दिवशी, कुठल्या गावाबाहेर, किती माणसं जेवली, सगळं तिच्याकडे लिहिलेलं. तिने वेगळा कागद जोडला आणि त्यावर तेवीस ओळी लिहिल्या. पाऊस लागला म्हणून एका दुकानाच्या पार्किंगमध्ये काढलेल्या दोन रात्रीसुद्धा सोडल्या नाहीत. विद्यापीठातल्या कुणीतरी त्या तेवीस ओळींची बेरीज केली. 'कुटुंब १७१ दिवस राज्याबाहेर. सबब, अर्जदार रहिवासी नाही.'

"आपण कॅन्ससचे नाही म्हणे," आर्लीस गेलला म्हणाली.

"मग कुठले?"

"ते नाही लिहिलं. ते शोधायचं काम आपलं." तिने पत्र टेबलावर आपटलं. "मागच्या वर्षी कुणी शिकागोहून येऊन तिथं फ्लॅट घेतला आणि वर्षभर सोफ्यावर लोळत पडला, तर तो कॅन्ससचा. तुझ्या पणजोबाने तिथली माती पहिल्यांदा नांगरली, तर आपण परके. खोटं लिहिलं असतं तर एव्हाना रहिवासी झालो असतो!"

अपिलाची सुनावणी त्याच गुरुवारी सकाळी दहाला विद्यापीठात होती, पालकाने समक्ष हजर राहायचं. तारीख बदलून मागितली, तर विद्यापीठाचा फोनवरचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "तारीख बदलता येत नाही, मॅडम. उन्हाळा आहे, बरेच जण सुट्टीवर आहेत."

"आम्ही नाही," आर्लीस म्हणाली आणि फोन ठेवला.

बुधवारी दुपारी तिने हॅमच्या सँडविचांचा डोंगर रचला आणि साउथ डकोटातून पाचशे मैल एकटीने गाडी हाकली.

खोलीत तिघं होते. अध्यक्ष प्रुएट, सभ्य, टक्कल पडलेले, सारखे पेनचं टोपण काढणारे-लावणारे. लॅपटॉपवाली एक बाई. आणि शिष्यवृत्ती विभागाचा तरुण अधिकारी, ज्याने अजून कुणाच्या डोळ्यात बघायला सुरुवात केली नव्हती.

"प्रवास ठीक झाला ना? आज कुठून आलात?" प्रुएटनी विचारलं.

"साउथ डकोटातून."

लॅपटॉपवर टकटक झाली.

"काय लिहिलंत तुम्ही?" आर्लीसने विचारलं.

बाईने प्रामाणिकपणे वाचून दाखवलं, "'पालक सुनावणीस परराज्यातून आल्या.'"

"तुम्हीच बोलावलंत म्हणून आले!"

"ते बरोबर आहे, पण नोंद ठेवावी लागते." प्रुएटनी कागद उलटला. "जुलै ते ऑक्टोबर तुमच्या घरचं विजेचं बिल शून्य आहे."

"घरात माणूस नाही म्हणून मीटर बंद असतो. तुम्ही बाहेर जाताना दिवे लावून जाता काय?"

"आणि मुलीचं शाळेचं प्रमाणपत्र पेनसिल्व्हेनियाचं आहे."

"टपालाची शाळा आहे ती. ऑफिस तिकडे आहे. पोरगी शिकली माझ्या टेबलावर, बटाटे सोलता सोलता."

"डर्कसनबाई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. कामासाठी बाहेर राहणं नियमात बसतं. पण मग राज्यात कायम राहण्याचा इरादा दिसावा लागतो. कागदोपत्री."

"इरादा? कागदावर?" आर्लीस उभी राहिली. "कायम म्हणजे किती?"

"म्हणजे... अमर्याद काळ."

आर्लीसने पर्समधून फोन काढला, फोटो शोधला आणि टेबलावरून प्रुएटकडे सरकवला. ओस्टरव्हिलची दफनभूमी, करड्या ग्रॅनाइटचा नवाकोरा दगड, मधोमध कोरलेली गव्हाची ओंबी. डावीकडे 'गेल डर्कसन, १९६८ –', उजवीकडे 'आर्लीस डर्कसन, १९७१ –'. रेघेच्या पुढे कोरं. तिकडे शहाणी माणसं जिवंतपणीच दगड बसवून घेतात. पोरांना त्रास नको, आणि दोघांचा एकत्र घेतला की स्वस्त पडतो.

"जागा विकत घेतलीय, दगड बसवलाय. याहून जास्त काळ कॅन्ससात राहायचा इरादा कुणाचा असेल तर त्याला बोलवा," आर्लीस म्हणाली. "शेवटची तारीख तेवढी बाकी आहे. ती आत्ताच हवी असेल तर तसंही सांगा. सकाळपासून माझं रक्त उकळतंच आहे."

प्रुएटच्या हातातलं टोपण खाली पडलं.

"याला फॉर्ममध्ये रकाना नाहीये," लॅपटॉपवाली हळूच म्हणाली.

"'इतर' मध्ये टाका," प्रुएट म्हणाले. मग घसा खाकरून, "बाई, हे आधीच जोडलं असतंत तर..."

"तुम्ही मागायचं होतं. 'थडगं असल्यास प्रत जोडावी.' मी जोडली असती! मी सगळं जोडते, हाच तर माझा गुन्हा!"

तिघं कुजबुजले. कोरा रहिवासी ठरली. आर्लीसने पर्स उचलली, तेवढ्यात तरुण अधिकारी पहिल्यांदाच बोलला.

"शिष्यवृत्तीची मुदत मात्र एप्रिलमध्येच संपलीये. अर्जदार आजपासून रहिवासी आहेत, त्यामुळे यंदा..."

"माझा अर्ज नऊ फेब्रुवारीचा आहे. मग फेब्रुवारीत आम्ही कोण होतो?"

"तेव्हा तुमचा दर्जा अनिश्चित होता."

आर्लीस पुन्हा खुर्चीत बसली. पर्स मांडीवर ठेवली.

"मॅडम, पुढची सुनावणी आहे."

"येऊ द्या त्यांना. मी कुठं अडवलंय?"

दार उघडून फाईल छातीशी धरलेला एक बारकेला माणूस आत डोकावला. खुर्ची एकच होती. त्याने आर्लीसकडे पाहिलं, समितीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बसा, बाई, बसा. मी उभा राहतो. सात महिने उभाच आहे."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. आर्लीस हलेना. चाळीस मिनिटांनी प्रुएटनी वरच्या मजल्यावर फोन लावला, बराच वेळ नुसतं "हो, हो, दगड... हो, कोरलेला" असं म्हणत राहिले, आणि मग निकालावरची तारीख खोडून नऊ फेब्रुवारी घातली. पहिल्या सहामाहीचे पैसे वाटून संपले होते, ते गेलेच. शिष्यवृत्ती जानेवारीपासून सुरू. तरुण अधिकाऱ्याने कागदाबरोबर पुढच्या वर्षीचा फॉर्मही दिला. "हे दरवर्षी भरायचं असतं."

आर्लीसने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने आपणहून फॉर्म पुन्हा फाईलीत ठेवला आणि म्हणाला, "मी टपालाने पाठवतो. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही जिथे असाल तिथे."

"ओस्टरव्हिलला पाठवा," आर्लीस म्हणाली. "आम्ही तिथे राहतो." जाता जाता तिने भिंतीपाशी उभ्या माणसाला आपली खुर्ची ओढून दिली.

बाहेर येऊन तिने कोराला फोन लावला. पोरगी गव्हाच्या ट्रकमध्ये होती. मागे हार्वेस्टरचा घरघराट.

"काय झालं, आई? पटकन सांग, बाबा भरलेला हार्वेस्टर घेऊन उभे आहेत."

"मिळालं. फी राज्यातल्यांचीच. शिष्यवृत्ती जानेवारीपासून. तोवरचं बघू."

पलीकडे ट्रकचा भोंगा वाजला, लांबलचक, थांबेचना. त्यात गेलच्या शिव्या मिसळल्या. हिला झालंय तरी काय, हे त्याला अजून कळलं नव्हतं.

आर्लीस हसली, डोळे पुसले आणि गाडी सुरू केली. राग मात्र उतरला नाही. सबंध नेब्रास्का पार होईपर्यंत ती त्या तिघांना मनातल्या मनात टेबलाशी बसवत होती, आणि न वाढताच उठवत होती.