शेवंताच्या नवऱ्याला विचारलेला प्रश्न

हे माझ्या घरात कुणाला ठाऊक नाही. विद्यापीठात तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? — ते मलाही नीट सांगता येणार नाही.

बाईला घरात होणारी मारहाण आणि तिची तब्येत, हा माझा आयुष्यभराचा विषय. त्यावर पुस्तकं झाली, मान मिळाला. नव्या मुलींना मी पहिला नियम शिकवते: बाईने सांगितलेलं तिच्या घरात कुणाकडेही पडताळायचं नाही. तो पटवायला एका उतावळ्या पोराची गोष्ट सांगते. दुसऱ्या संस्थेतला होता, म्हणते.

असा कुणी पोरगा नव्हता.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी संशोधनाकडे वळले होते. वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका वाडीत, गर्भ पडलेल्या बायकांना भेटत होते. शेवंता ओढ्यावर धुणं धूत होती. पाचवा महिना. आधीची दोन्ही पोटं नवऱ्याच्या लाथेनं गेली, हे तिनं हसत सांगितलं — "तुमच्या कागदात लाथेला काय म्हन्त्यात, बाई? विंग्रजीत तरी मऊ लागत आसंल!" मग हसू थांबलं. "ह्या बारीला मला आंबवड्याला, आईकडं पोचवा. तुमचं ऐकत्याल ह्ये. पन म्या सांगितलं म्हनू नगा."

मी हो म्हटलं.

आणि मग? दोन्ही बाजू घेतल्याशिवाय बातमी द्यायची नाही — हे वर्तमानपत्रात अंगात मुरलेलं. त्याच दुपारी तिच्या घरी गेले. नवऱ्याला विचारलं, तुम्ही लाथ मारली होती का? तो शांत होता. आपल्या आईला चहा ठेवायला सांगितला. "न्हाई वो बाई. घसरली व्हती ती. कुनी सांगितलं तुमास्नी?"

मी नाव घेतलं नाही. घ्यायची गरज होती का? उत्तर लिहून घेतलं आणि भोरची एसटी धरली. तिला माहेरी पोचवायचा विषय काढलाच नाही — मुलाखतीत आपली मागणी मिसळू नये, असं वाटलं.

पुढच्या खेपेला शेवंता नव्हती. हंडा घेऊन पडली, असं घरच्यांनी सांगितलं. ओढ्यावरच्या बायका माझ्याकडे पाठ करून धुणं आपटत राहिल्या. प्रबंधात मी मृत्यूचं कारण लिहिलं — पडल्याने. दुसरी बाजू सांगणारी गेली होती. मला ती बाजू माहीत होती. तरी.

आंबवड्याला मी नंतर एकदा गेले. तिची आई दारात तांदूळ निवडत बसली होती. "तुमीच का त्या पुन्याच्या बाई?" म्हणत तिनं माझा हात धरला. "पोरीनं सांगावा धाडला व्हता, बाई आनून सोडनार हायेत म्हून. गेला व्हता का तुमी तिला आनाया?"

"हो," मी म्हटलं. "पण उशीर झाला."

तिनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी जेवले.