खोकणारी वॅगन आणि माझी सोयरीक

आमच्या आबाकाकांच्या गाडीला चालण्याचा त्रास नव्हता. तिला उभं राहण्याचा त्रास होता.

गाडी साधी नव्हती. जीपच्याच जातीची, पण अंगाने भरलेली स्टेशन वॅगन. वर पक्कं छत, बाजूला सरकत्या काचा, आत जाड गाद्या. एका संस्थानिकाच्या लिलावातून काकांनी ती आमच्या राजापेठेत आणली, तेव्हा अख्खी आळी तीन दिवस तिच्या गादीवर बसून पाहत होती. (चौथ्या दिवशी काकूने रांग लावली.) पुढे महिन्याभराने गाडीला दुखणं जडलं. थांबली की इंजिन थरथरायचं, धाप लागल्यासारखं धडधडायचं, काळा धूर सोडायचं आणि बंद पडायचं. पुन्हा सुरू करायला आठ माणसांचा धक्का लागायचा! पळतानाही ती दमायची. पण बैलगाडीच्या वरच्या कुठल्याही वेगाला आमच्याकडे पळणंच म्हणत, त्यामुळे ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

अशा गाडीतून आम्ही माझ्यासाठी मुलगी पाहायला अकोल्याला निघालो.

मुलीचे वडील देवरावजी तिथल्या एका जिनात कापसातली सरकी काढणाऱ्या रेच्यांचं इंजिन सांभाळत. मध्यस्थाने त्यांना सांगून ठेवलं होतं, की मुलाला इंजिनातलं फार कळतं. (मी त्याला एवढंच म्हणालो होतो, की मी सायकलचं पंक्चर काढतो.) याआधी तीन ठिकाणांहून मला नकार आला होता. हे चौथं.

वाटेत गाडी थांबवायची नाही, असा काकांचा हुकूम. मूर्तिजापूरला चहावाला कप घेऊन आमच्या बाजूने पळत आला. आम्ही चहा प्यायलो, पण रिकामे कप घ्यायला तो काही अकोल्यापर्यंत पळू शकला नाही. ते तीन कप अजून घरी आहेत.

देवरावजींच्या दारात मात्र थांबणं भागच होतं. काका अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबून बसून राहिले.

"मी इथंच बसतो. पाय काढला तं इंजन मेलं समजा. तुमी पोरगी पाहून घ्या!"

"अवो, लोकं काय म्हनतील?" काकू.

"सांग, पायात लचक भरली म्हनून."

आत देवरावजी मला प्रश्न विचारत होते, पण त्यांचा कान रस्त्यावर होता.

"शिक्षन?"

"इंटर."

"नौकरी?"

"तहसिलीत कारकून."

"मंग ते इंजन काहून असं करून राह्यलं?"

शहाण्या कारकुनाने इथे 'माहीत नाही' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "प्लग!"

काकांना इंजिन बंद करायला लावून मी पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी बॉनेटमध्ये शिरलो. चारही प्लग काढले, काकूच्या केसातल्या आकड्याने काजळी खरवडली आणि वायरी पुन्हा लावल्या. म्हणजे जिथे शोभतील तिथे लावल्या. आठ शेजाऱ्यांनी धक्का दिला. आणि असा बार उडाला, की शेजारच्या जिनातले मजूर सुटी झाली समजून डबे घेऊन घरी निघाले! काकांची टोपी खिडकीतून उडून दारच्या शेवग्यावर अडकली.

देवरावजींनी वायरी क्रमाने लावल्या. इंजिन सुरू झालं आणि पहिल्यासारखंच खोकू लागलं.

"कार्बोरेटर," मी म्हणालो. (हा एक शब्द मला येत होता.)

तेवढ्यात दारातून आवाज आला. पोह्यांच्या बश्या घेऊन मुलगी उभी होती. सुमन. "बाबा, तिले दम घेता येऊन नाही राह्यला. हवेच्या नळीत काही अडकलं काय, पाहा ना."

मी हसलो. "तिथं काही अडकूच शकत नाही. तिथं मी सोता गाळणं बसवलं हाये!"

कापसाच्या हंगामात हवेत रुई उडते, काळ्या मातीची धूळ उडते. आपण पाणी फडक्याने गाळून पितो, मग इंजिनाने हवा न गाळता का घ्यावी? हे माझं संशोधन. आपण स्वतः केलेल्या कामावर माणूस कधी संशय घेत नाही.

देवरावजींनी नळीत हात घालून ओढलं. वीतभर कापड आलं. अजून ओढलं. हातभर आलं. ओढतच राहिले. हिरवं कापड, लाल काठ. काकू उठून उभी राहिली.

"अगं माय! हे तं माह्यं लुगडं!"

"अर्धंच हाये, काकू," मी धीर दिला.

"आनं बाकीचं?"

"ते पेट्रोल गाळाले लावलं."

कापड निघताच इंजिन इतकं हळू, इतकं गोड चालू लागलं, की आबाकाका ओरडले, "मेली रे मेली! धक्का द्या!"

देवरावजींनी लुगड्याची नीट घडी केली आणि बायकोकरवी काकूच्या ओटीत घातली. मग मला म्हणाले, "इंजनाले लुगडं नेसवनारा मानूस म्या अजून पाह्यला नव्हता."

परतीच्या वाटेवर बडनेऱ्याला काकू म्हणाली, "आता मेळघाटात एखांदं अस्वल पाहू याच्यासाठी."

आठ दिवसांनी पत्र आलं : मुलगा पसंत आहे! पत्ता चुकला असेल म्हणून काकांनी पाकीट तीनदा पाहिलं.

कारण मला लग्नानंतर सुमनने सांगितलं. "पाहाले आलेला जो तो मले म्हने, गानं म्हन, चालून दाखव, सुईत दोरा ओव. तुमी एकटेच, काहीच इचारलं नाही."

(विचारणार कुठून? मी बॉनेटमध्ये होतो.)

लग्नाच्या यादीच्या बैठकीत मात्र देवरावजींनी मानपानाच्या खाली स्वतःच्या हाताने एक कलम लिहिलं : 'वराने कोणत्याही यंत्रास हात लावू नये.' यादीला हळदकुंकू लागायच्या आधीच आबाकाकांनी सही ठोकली. काकूनेही मागून अंगठा उठवला, आणि तिला तर चांगलं लिहिता येत होतं.

ते कलम अजून लागू आहे. घरातला बल्ब गेला, की स्टुलावर सुमन चढते. मी निदान स्टूल तरी धरावं म्हणून पुढे होतो, तर वरून आवाज येतो,

"तुमी फक्त दूर उभे राहा जी!"