दोघांनी पाहिला तरच

आमच्या घरी पक्षी मोजण्याचा एकच नियम आहे. दोघांनी एकदम पाहिला, तरच धरायचा. नियम माझाच. पहिल्याच हिवाळ्यात मी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि आमच्या ह्यांना नेमका तेवढ्यात गरुड दिसला! बरा दिसला. तेव्हापासून वर्षभरात दोघांच्या नजरेला पडलेले पक्षीच यादीत जातात, आणि डिसेंबर संपेपर्यंत मागच्या वर्षीचा आकडा मोडला तर घरात श्रीखंड होतं.

यंदा आकडा मोडायला एकच पक्षी कमी होता. पण हेच अडून बसले होते. दिवाळीआधी ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, भरपूर चाला. हे हॉलपासून गॅलरीपर्यंत चालायचे आणि तिथे बसून सोसायटीतल्या लोकांच्या पार्किंगवर शेरे मारायचे. नदीवर चला म्हटलं, की ठरलेलं उत्तर, "पडलो तर उचलणार कोण? तू?" घाबरले होते, दुसरं काय! टेकड्या पालथ्या घालणारा हा माणूस आता कायमचा गॅलरीतच बसणार की काय, असं मला वाटायला लागलं होतं.

एका सकाळी मी चिडून एकटीच गेले. आमच्या कर्वेनगरच्या बाजूला नदीकाठी एक उंबर आहे. त्यावर चक्क स्वर्गीय नर्तक! पांढराशुभ्र, काळ्या डोक्याचा, रिबिनीसारखी लांब शेपटी. चहाच्या वेळी मी सहज सांगितल्यासारखं सांगितलं. ह्यांनी कप खाली ठेवला.

"नर होता?"

"नर."

"शेपटीसकट?"

"नाही, शेपटी घरी ठेवून आला होता."

"मग धर की! आकडा मोडला."

"धरू कशी? तुम्ही कुठे पाहिलात?"

"अगं, आजारी माणसाला काही सवलत?"

"नियमात नाही."

संध्याकाळी हे दुर्बीण कुठे ठेवलीय म्हणून कपाटं उघडून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी कानटोपी, काठी, दुर्बीण, असा सगळा सरंजाम घेऊन आम्ही निघालो. नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर माती सुटलेली. मी डोळ्यांत तेल घालून ह्यांची पावलं बघत होते. "माझ्याकडे काय बघतेस? झाडाकडे बघ," हे खेकसले. खेकसले, म्हणजे तब्येत सुधारत होती.

उंबराखाली बराच वेळ उभे राहिलो. नुसत्या साळुंक्या. आणि एकदम हे ओरडले, "तो बघ! तो बघ गं, वरच्या फांदीवर!" काठी सोडून दोन्ही हातांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. काठी घरंगळत खाली गेली. हे तसेच उभे, कशाचाही आधार न घेता.

"उडाला! काय शेपटी होती! पाहिलास ना?"

"नाही."

"नाही? मग बघत काय होतीस?"

"तुमचे गुडघे."

हे क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या पायांकडे. मी काठी आणून दिली. डोळे भरून आले होते, म्हणून पटकन म्हटलं, "जाऊ द्या हो, धरूया. काल मी पाहिला, आज तुम्ही."

"अजिबात नाही. एकदम म्हणजे एकदम. नियम तुझाच आहे."

आणि काठी काखेत मारून चढाला लागत म्हणाले, "उद्या जरा लवकर निघू."