ल्यान्यिंगने दाखवलेला माथा

छ्यू ल्यान्यिंगने चौतीस वर्षं शामूच्या लागवडीत कुदळ मारली. आमच्या फुजियानच्या डोंगरांत शामूची सरळसोट झाडं तोडायची, पाचोळा पेटवायचा आणि राखेत पुन्हा शामूच लावायचा, ही रीत. पहिल्या खेपेला झाडं झकास आली. तिसऱ्या खेपेला पिवळी पडली. वनकचेरीने युरियाची पोती धाडली. आम्ही ती पाठीवरून वर नेली, पावसाने ओढ्यात आणली. साहेब म्हणाले, जमीन थकली. थकवली कोणी, ते कोणी बोलेना.

माथ्यावर मात्र झुईची जुनी, रुंद पानांची झाडं होती. त्यांच्याखाली उन्हाळ्याअखेर तांबडी अळंबी उगवते. बाळंतिणीला तिचं कढण देतात. ती जागा सासूने सुनेलाच सांगायची, नवऱ्यालाही नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी मोजणीला आलेल्या वनकचेरीच्या पान साहेबांनी पायथ्याशी उभं राहून विचारलं, "वर काय आहे?" तेव्हा ल्यान्यिंग म्हणाली, "काही नाही, काटेरी झुडपं." त्यांनी तेच लिहिलं. चार पावलं चढायचे कष्ट घेतले नाहीत!

या हिवाळ्यात हुकूम आला: माथा तोडा, जाळा, शामू लावा.

ल्यान्यिंगने भूमिदेवाला उदबत्ती लावली आणि तिथून थेट साहेबांपुढे आली. आम्ही बायका कोयते घेऊन उभ्याच होतो.

"साहेब, मी खोटं बोलले. वर झुई आहे, अळंबीची जागा आहे."

"मावशी, तुमच्याच तोंडचं लिहिलंय. आता झुडपांना अळंबी फुटली होय?"

"चला की वर. का गुडघे दुखतात?"

आम्ही हसलो. मग साहेबांना यावंच लागलं.

वर तिने पाचोळा बाजूला केला. खाली काळी, भुसभुशीत माती. झुईच्या मुळांना बुरशीचे पांढरे तंतू लपेटलेले. झुईलगतच्या शामूच्या दोन ओळी गर्द हिरव्या. वीस पावलं खाली त्याच वयाची झाडं पिवळी, माती विटेसारखी.

"पाला कुजतो, त्यातलं नत्र ही बुरशी मुळांना पोचवते. तुम्ही जाळता, ते धुरात जातं. आणि पोती आमच्या पाठीवर!"

"ते राहू द्या. हिवाळ्यात अळंबी दिसत नाही, तिला साक्षीदार कोण?"

तिची जाऊ म्हणाली, "आम्हाला बाई काही ठाऊक नाही."

मला जावेचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःचा. पूर्वेच्या टोकाला मी सव्वीस वर्षं वेचत होते. रोज देवापुढे हात जोडायचे आणि इथे तोंड शिवून बसायचं?

"मी वेचते," मी म्हटलं. मग शेजारीण बोलली, मग जाऊ, मग बाकीच्या. ल्यान्यिंग धरून सात घरं निघाली! प्रत्येकीला वाटत होतं, माथा आपल्या एकटीचा.

"अगं चोरटे, तरीच माझी टोपली भरत नव्हती!" जाऊ माझ्यावर खेकसली.

साहेबांनी बाजारभाव विचारला. सुक्या अळंबीला किलोमागे आठशे युआन ऐकताच वही उघडली. माथा वगळला. खालचा उतार मात्र ठरल्याप्रमाणे पेटवला. विकता येतं तेवढंच कानात शिरलं. मातीचं सांगणं गेलं वाऱ्यावर.

वसंतात ल्यान्यिंग कमरेच्या फडक्यात झुईच्या बिया घेऊन लागवडीला आली. दर पाचव्या खड्ड्यात शामूऐवजी झुई टाकू लागली.

"कुणाला विचारून?" साहेब खालून ओरडले.

तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. फडकं आमच्यापुढे धरलं, आणि आम्ही सहाजणींनी मुठी भरून घेतल्या.