हिराबाईचे दहा खडे

साखरशेत गावच्या हिराबाईची धाकटी सून योगिता मुंबईला प्रयोगशाळेत पीएचडी करते. विषय नाचणी. रोपाला पाणी कमी पडलं की त्याच्या प्रथिनांच्या काही तुकड्यांवर फॉस्फेट चिकटतं, हजारांत एखाद्यावर. तेवढेच तुकडे वेचून मोजायचे. वेचायच्या पद्धती दोन. नवी पद्धत जास्त तुकडे द्यायची म्हणून योगिताच्या मार्गदर्शक सरांना ती आवडायची. तिचा सगळा प्रबंध या नव्या पद्धतीवर उभा होता आणि दिवाळीनंतर द्यायचा होता.

दिवाळीत हिराबाईने तिला नाचणी निवडायला बसवलं. सूपभर नाचणीत सात खडे निघाले. हिराबाईने ते तळहातावर घेऊन मोजले आणि नुसतं हुं केलं. तिसऱ्या दिवशीही सातच निघाले, तेव्हा नवऱ्याने, नीलेशने, हसत सांगून टाकलं. ओढ्यातले दाण्याएवढे दहा खडे आई मोजून आधीच मिसळते. थोरल्या सुनेची, उज्ज्वलाची, परीक्षाही अशीच चालते.

"म्हणजे मी नापास," योगिता म्हणाली.

"तू बरी," हिराबाई म्हणाली. "रोज सात. उरलेले तीन मी काढते. उज्ज्वला आज नऊ काढंल, उद्या तीन. तिच्यामागं किती निवडत बसू?"

योगिताचा राग जेवणापर्यंत टिकला. मग घास हातात राहिला. प्रयोगशाळेत आपण वेचलेलं तेवढं मोजलं. आधी मोजून काही मिसळलं कधीच नव्हतं. शास्त्रात तशी रीत होती, पण सरांना घाई होती.

परत गेल्यावर तिने वेगळे ओळखू येणाऱ्या खुणेच्या तुकड्यांचे शंभर भाग मोजून मिसळले आणि दोन्ही पद्धती पाच-पाच वेळा करून पाहिल्या. जुनीने दरवेळी साठाच्या आसपास परत दिले. नवीने एकदा नव्वद, एकदा पस्तीस. प्रबंध कोसळला, वर्ष वाढलं. सर चिडले. नंतर बैठकीत त्यांनीच सगळ्यांना समजावलं, अशी तपासणी आपल्याकडे पहिल्यापासून आहे. साखरशेतपुरतं ते खरं होतं.

मे महिन्यात योगिता घरी आली आणि हट्टाने, डोळ्यांत तेल घालून निवडायला बसली. दहाच्या दहा खडे सासूच्या हातावर ठेवले.

हिराबाईने दोनदा मोजले. तिचा चेहरा उतरला.

"दहा," ती म्हणाली. "आता उद्या किती काढशील, काय सांगावं?"

आणि निवडलेलं सूप तिने पुन्हा निवडायला स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं.